स्मरण करताच येणारा राक्षस : घटोत्कच आणि व्हिडिओ गेम

जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या ‘डेव्हिल मे क्राय ५’ (२०१९) या शस्त्रयुद्धप्रधान व्हिडिओ गेममध्ये व्ही नावाचा नायक स्वतः फारसा लढत नाही. ग्रिफन, शॅडो व नाइटमेअर हे राक्षसी सहायक त्याच्या आज्ञेने शत्रूला जेरीस आणतात. शेवटचा घाव तेवढा त्याने घालावयाचा असतो. सहायक पडले तरी थोड्याच वेळात पुन्हा उभे राहतात.

भारतीय वाङ्मयास ही कल्पना अपरिचित नाही. वनपर्वात गंधमादनाच्या वाटेवर द्रौपदी मूर्च्छित होते, तेव्हा भीम घटोत्कचाचे स्मरण करतो व तो तत्काळ उपस्थित होतो. परंतु येथे बोलावणारा पिता आहे आणि येणारा पुत्र. द्रोणपर्वातील रात्रियुद्धात अर्जुनासाठी राखलेली वासवी शक्ती कर्णाला त्याच्यावर खर्च करावी लागते. घटोत्कच पुन्हा उठत नाही. पांडव शोकाकुल असताना कृष्ण हर्षित होतो. एवढेच नव्हे, कर्णाने मारले नसते तर या यज्ञद्वेष्ट्याला आपणच मारले असते, असे सांगतो. पांडवांसाठी प्राण देऊनही तो राक्षसच ठरतो. महाभारतकारांनी हे झाकले नाही, हे विशेष.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा पौराणिक गेम प्रकाशात आणला. भावाच्या शोधार्थ लढणाऱ्या राजीला देवांची आयुधे मिळतात. दुर्गा व विष्णू तिची कथा निवेदन करतात. असुर तेथे शत्रुपक्षातच आहेत. हिडिंबेच्या पुत्रासारख्या सहायकाला त्या कथेत जागा नाही.