बंब म्हणजे कचरा जाळायची भट्टी नव्हे

जुन्या वाड्याच्या न्हाणीघरात तांब्याचा किंवा पितळेचा बंब अजूनही दिसतो. रचना साधी. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, आणि नळीभोवती पाणी. नळीत करवंट्या, ढलप्या, गोवऱ्या पेटवल्या की धूर वर जातो, राख खाली पडते आणि जाळाची उष्णता थेट पाण्यात उतरते. चुलीवरच्या हंड्यात मात्र बरीचशी उष्णता बाजूने निसटते. म्हणून पाणी तापवायला ही डिझाईन खरंच भारी आहे.

घोळ होतो तो इंधनात. करवंट्यांच्या जागी दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, जुन्या वायरी आल्या. ‘जळतंय ना, मग झालं!’ पण नळीभोवती पाणी असल्यामुळे तिची भिंत थंड राहते आणि ज्वाळा अर्धवट जळते. कचरा जाळणाऱ्या मोठ्या प्लांटमध्ये धूर किमान २ सेकंद ८५० अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो, असा युरोपियन युनियनचा नियम आहे. बंबात तेवढं तापमान टिकणं अवघडच. दुधाची पिशवी पॉलिथिनची असते, तिची काजळी होते. वायरीवरचं पीव्हीसी त्याहून वाईट, कारण त्यात वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन तयार होतात.

दुसरा धोका रिनोव्हेशनमुळे येतो. कौलं काढून स्लॅब टाकला, धुराचं भोक टाइल्सखाली बुजवलं, बंब मात्र तिथेच. मग कार्बन मोनॉक्साइड आतच साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. अंघोळ करताना डोकं दुखलं, गरगरलं तर आधी बाहेर या. दुसऱ्या कोणाला त्रास होत असेल तर त्याला मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन.

मोबाईलवरचं ‘समीर’ ॲप इथे उपयोगाचं नाही. ते शहरातल्या सरकारी केंद्रांचा एक्यूआय दाखवतं, तुमच्या न्हाणीघराचा नाही. ऑनलाइन मिळणारा स्वस्त पीएम २.५ मीटरही नाही. तो लेझरच्या उजेडात धूलिकण मोजतो, वायू त्याला दिसतच नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो.

बंब वापरायचाच असेल तर अंगणात ठेवा, सुकं लाकूड आणि करवंट्याच घाला. प्लास्टिक सुक्या कचऱ्याच्या डब्यात.