डांबराच्या पोटी जन्मलेली गोडी

मधुमेही माणूस असलेल्या घरात चहाच्या कपाशेजारी बहुधा एक चपटी डबी दिसते. खटका दाबला की मुगाच्या दाण्याहून लहान अशी पांढरी गोळी चहात पडते आणि कप गोड होतो. या गोळीबद्दल त्याच घरात दोन मते असतात. एक म्हणते, साखरेपेक्षा बरी. दुसरे म्हणते, केमिकल आहे ते, कॅन्सर होतो म्हणे. ही दोन्ही मते गोळीच्या बरोबरीनेच वाढली आहेत आणि त्यांचे भांडण एकदा थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या दालनात झाले आहे. आज या गोळीची भीती बाळगावी की नाही, हे तिचे कुळ पाहिल्यावर बरेच स्पष्ट होते.

कुळ सुरू होते डांबरापासून. एकोणिसाव्या शतकात शहरांतले दिवे दगडी कोळशाच्या गॅसवर जळत आणि गॅस काढून झाला की काळे, चिकट डांबर उरे. या टाकाऊ डांबरातून रसायनशास्त्रज्ञांनी आधी रंग काढले, मग औषधे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रा. आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत याच डांबरातून मिळणाऱ्या टोल्युइनवर काम चालू होते. तिथे कॉन्स्टन्टिन फाहल्बर्ग नावाचा तरुण दाखल झाला. जन्म रशियातल्या तांबोवचा, व्यवसाय साखर तपासण्याचा. एका आयातदार कंपनीसाठी साखरेची शुद्धता तपासायला तो बाल्टिमोरला आला होता. ते काम आटोपल्यावर तो रेमसन यांच्या संशोधनात रमला.

एका संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याला पाव विलक्षण गोड लागला. तोंड पुसले तर रुमाल त्याहून गोड. अंगठा चाटून पाहिला तर सगळ्यांत गोड. दिवसभर हाताळलेले काहीतरी हात न धुतल्यामुळे बोटांना चिकटून आले होते. तो तसाच प्रयोगशाळेत परतला आणि टेबलावरचे एकेक भांडे चाखत सुटला. त्यांतल्या कशात आम्ल किंवा विष नव्हते हे त्याचे नशीब. १८७९ मध्ये रेमसन आणि फाहल्बर्ग यांनी मिळून शोधनिबंध छापला. साखरेहून सुमारे ३०० पट गोड असलेला हा पदार्थ म्हणजे सॅकरीन.

पुढे फाहल्बर्गने एकट्याच्या नावावर पेटंट घेतले आणि जर्मनीत माग्डेबुर्गजवळ कारखाना काढला. रेमसन यांनी त्याला कधी क्षमा केली नाही. मात्र फाहल्बर्गच्या एका गोष्टीची दखल घ्यायलाच हवी. त्याने स्वतः १० ग्रॅम सॅकरीन गिळले आणि चोवीस तास वाट पाहिली. काही झाले नाही आणि जवळपास सगळे सॅकरीन लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर पडले. आजच्या कसोटीला हा प्रयोग अजिबात पुरेसा नाही, तरी त्यातून एक खरी गोष्ट हाती लागली. शरीर सॅकरीन पचवत नाही, म्हणून त्यापासून उष्मांक मिळत नाहीत आणि रक्तातली साखरही थेट वाढत नाही. इन्सुलिन अजून कोणाला ठाऊक नव्हते त्या काळात मधुमेह्याच्या चहात गोडी परत आली, ती यामुळे.

पण कारखानदारांचे लक्ष मधुमेह्यांकडे नव्हते. सॅकरीन साखरेहून स्वस्त पडे, म्हणून डबाबंद मका, मुरंबे, सोडा अशा पदार्थांत ते गिऱ्हाइकाला न सांगता पडू लागले. मोन्सॅन्टो ही कंपनी १९०१ मध्ये सेंट लुईसला निघाली, तिचे पहिले उत्पादन सॅकरीनच होते. अमेरिकी कृषी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली यांना ही लबाडी सहन होईना. १९०६ चा शुद्ध अन्न कायदा होण्यामागे त्यांचीच धडपड होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर विषय निघाला तेव्हा वायली म्हणाले की गिऱ्हाइकाला वाटते आपण साखर खातोय, प्रत्यक्षात तो पोषणमूल्य नसलेला आणि तब्येतीला अपायकारक असा डांबराचा पदार्थ खातो. रूझवेल्ट भडकले. त्यांचे डॉक्टर त्यांना रोज सॅकरीन देत होते.

माझ्या मते या प्रसंगात वायली अर्धे बरोबर होते आणि त्यांचे चुकले ते उरलेल्या अर्ध्यात. गिऱ्हाईक फसवले जात होते, यात शंका नाही. पण 'अपायकारक' या शब्दाला त्यांच्यापाशी पुरावा नव्हता. फसवणूक आणि विष या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या एकमेकींत मिसळल्या की दोन्हींचा निकाल लांबतो, आणि इथे तो शतकभर लांबला. रूझवेल्ट यांनी तज्ज्ञांचे मंडळ नेमले, त्याच्या अध्यक्षपदी आयरा रेमसन आले. थोडे सॅकरीन निर्धोक असल्याचे मंडळाने सांगितले. तरीही साखरेच्या जागी ते घालणे म्हणजे भेसळ ठरवून १९१२ मध्ये तयार खाद्यपदार्थांत त्याला मनाई झाली. लगेच पहिले महायुद्ध आले, साखर टंचाईत सापडली आणि लोक आपणहून सॅकरीनकडे वळले.

दुसरे भांडण जास्त गाजले. अमेरिकेत १९५८ पासून एक कडक कलम लागू होते. प्राण्यांत किंवा माणसांत कर्करोग करणारा पदार्थ अन्नात घालायचा नाही, प्रमाण कितीही कमी असो. या कलमाखाली १९६९ मध्ये सायक्लामेट या गोडी देणाऱ्या पदार्थावर बंदी आली. १९७७ मध्ये कॅनडातल्या प्रयोगात सॅकरीन खाल्लेल्या नर उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग झाला, तेव्हा सॅकरीनचीही पाळी आली. त्यांच्या आहारात वजनाने पाच टक्के सॅकरीन होते. माणसाच्या चहातल्या गोळीशी याची तुलनाच होत नाही. लोक संतापले, मधुमेह्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि अमेरिकी काँग्रेसने बंदी रोखून पाकिटांवर इशारा छापायला लावला. पुढच्या संशोधनात उलगडा झाला. नर उंदरांच्या लघवीची घडणच अशी की भरपूर सॅकरीन पोटात गेले की तीत बारीक खडे तयार होतात, ते मूत्राशयाच्या अस्तराला सतत टोचतात आणि त्या जखमेतून गाठ वाढते. माणसाच्या लघवीत तसे होत नाही. २००० मध्ये तो इशारा काढला गेला. आपल्याकडच्या आजी-आजोबांच्या मनात मात्र तो अजून छापलेला आहे.

सॅकरीनला धाकटी भावंडेही झाली आणि नवल म्हणजे तीही अशीच योगायोगाने सापडली. इलिनॉय विद्यापीठातल्या मायकेल स्वेडा यांनी १९३७ मध्ये प्रयोगाच्या टेबलावर ठेवलेली सिगारेट ओठांत धरली, ती गोड लागली आणि सायक्लामेट हाती आले. १९६५ मध्ये अल्सरच्या औषधावर काम करणाऱ्या जेम्स श्लॅटर यांनी कागद उचलायला बोट जिभेला लावले आणि अ‍ॅस्पार्टेम सापडले. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात तर आपल्यापैकीच एक होते, शशिकांत फडणीस. साखरेच्या रेणूत क्लोरीन बसवून काही नवे उपयोग निघतात का, हे टेट अँड लाइल या साखर कंपनीला हवे होते. प्रा. लेस्ली हफ यांनी फडणीसांना एक पदार्थ तपासायला सांगितला. फडणीसांना चाखायला सांगितल्यासारखे ऐकू आले आणि त्यांनी तो जिभेवर ठेवला. त्यातून आले सुक्रलोज, साखरेहून सुमारे ६०० पट गोड. आज शिऱ्यात किंवा खिरीत चालणारी म्हणून जी गोड पावडर विकली जाते तिच्यात बहुधा हेच सुक्रलोज असते, कारण अ‍ॅस्पार्टेमची गोडी उष्णतेने जाते. जगभरच्या स्वयंपाकघरांत पोहोचलेल्या या पदार्थामागे एका मराठी आडनावाच्या माणसाची जीभ आहे, हे आपल्या शाळांत सांगितले जात नाही याचे मला वाईट वाटते.

या सगळ्यांत आज जास्त बदनाम आहे ते अ‍ॅस्पार्टेम. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'कदाचित कर्करोगकारक' अशा गटात टाकले आणि बातम्यांचा गदारोळ उठला. त्याच दिवशी संघटनेच्याच दुसऱ्या समितीने रोजच्या सेवनाची जुनी मर्यादा कायम ठेवली, ती बातमी कोणी पुढे पाठवली नाही. एखाद्या पदार्थाविरुद्ध काही पुरावा आहे का, एवढेच पहिली संस्था पाहते. किती खाल्ले तर धोका, हे दुसरी ठरवते. मर्यादा आहे वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम झाले. चहातल्या एका गोळीत साधारण १८ मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम असते, म्हणजे दिवसाला शंभराहून जास्त गोळ्या. फिनाइलकीटोनुरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेमपासून पूर्ण लांब राहायला हवे, कारण त्यातले फिनाइलअ‍ॅलॅनिन त्यांच्या शरीराला पेलत नाही.

तेव्हा गोळी विष आहे का, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळालेले आहे: मर्यादेत नाही. पण ती आपल्या भल्याची आहे का, हा वेगळा प्रश्न आणि इथे चित्र तितके सोपे नाही. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या पदार्थांवर विसंबू नका, लांबच्या पल्ल्यात त्यांचा फायदा दिसत नाही. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही, हेही तिथेच स्पष्ट केले आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०२२ मध्ये १२० निरोगी माणसांवर दोन आठवडे प्रयोग केला. सॅकरीन आणि सुक्रलोज घेणाऱ्या काहींच्या आतड्यांतले जिवाणू बदलले आणि त्यांची साखर पेलण्याची क्षमताही बदलली. दोन आठवड्यांवरून आयुष्याचा निष्कर्ष काढता येत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखेही हे नाही.

मला खरी चिंता गोळीची नाही, गोडीच्या सवयीची आहे. दोन चमचे साखरेचे पाच कप चहा म्हणजे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहायला सुचवते, आणि त्यात बिस्किटे, जिलबी, केचप सगळेच आले. घरोघरी दिसणारी पळवाट म्हणजे गूळ. कोल्हापूरचा असो वा कऱ्हाडचा, गुळात बहुतांश साखरच असते. त्यातल्या लोहाचे कौतुक करत मधुमेह्याने दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या तर रक्तातली साखर वाढणारच. 'शुगर फ्री' पेढ्यातही खवा असतो, त्या खव्यात दुधाची साखर आणि भरपूर स्निग्धांश असतो. खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांनी पोट भरत नाही आणि रक्त तपासणाऱ्या यंत्राला ती वाचताही येत नाहीत.

म्हणून जे मधुमेही आहेत आणि ज्यांना डॉक्टरांनी गोळी चालेल असे सांगितले आहे, त्यांनी मोबाइलवरचा एखादा संदेश वाचून ती सोडू नये आणि साखरेकडे परतू नये. बाकीच्यांनी गोळीचा विचारही करण्याची गरज नाही. चहातली साखर दर पंधरवड्याला पाव चमचा कमी करा, जिभेला फरक जाणवतो आणि मग जाणवेनासा होतो. संध्याकाळच्या बाटलीबंद थंड पेयाच्या जागी जिरेपूड घातलेले ताक किंवा साखर न घातलेले कोकम घ्या, आणि गोड खावेसे वाटले तर रस न काढता सबंध फळ खा.

आणि घरात लहान मूल असेल तर एक काम आजच करा. भारतात कृत्रिम गोडी घातलेल्या पदार्थाच्या पाकिटावर ती घातल्याची सूचना छापावी लागते, आणि तिच्याबरोबर मुलांना देऊ नये असेही लिहिलेले असते. ही ओळ बारीक असते. पाकीट उलटे करून, चष्मा लावून ती वाचा आणि मगच पदार्थ मुलाच्या हाती द्या.