गरज की सोय? 'नेसेसरी' या शब्दाची कुळकथा

अमेरिकेच्या राज्यघटनेत 'बँक' हा शब्दच नाही. १७८७च्या घटनासभेत जेम्स मॅडिसननं काँग्रेसला सनदा देण्याचा अधिकार असावा असं सुचवलं होतं, पण ते काही घटनेत आलं नाही. त्यामुळे डिसेंबर १७९०मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टननं राष्ट्रीय बँकेची योजना मांडली, तेव्हा सगळी भिस्त एका वाक्यावर येऊन पडली. दिलेले अधिकार अमलात आणण्यासाठी 'नेसेसरी अँड प्रॉपर', म्हणजे आवश्यक आणि उचित, असे कायदे काँग्रेसनं करावेत, असं ते वाक्य.

भांडवल १ कोटी डॉलर, त्यात सरकारचे २० लाख; सनद २० वर्षांची. प्रतिनिधिगृहात ३९ विरुद्ध २० मतांनी विधेयक पार पडलं. विरोधातली बहुतेक मतं दक्षिणेकडची होती. राजधानी पोटोमॅकच्या काठी न्यायचं ठरलं होतं. एवढी मोठी पेढी फिलाडेल्फियात रुजली तर राजधानी तिथून हलायचीच नाही, ही धास्तीही त्यामागे होती.

सही करण्याआधी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन थबकला. विधेयक नाकारायची वेळ आलीच तर हाताशी असावा म्हणून त्यानं मॅडिसनकडून नकाराचा मसुदाही मागवला. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसनचं मत १५ फेब्रुवारी १७९१ला आलं. ज्याच्यावाचून अडतं ते आवश्यक, असा त्याचा अर्थ. कर बँकेशिवायही गोळा होतात, देणी भागवता येतात. मग बँक ही नुसती सोय. सोयीलाच गरज म्हणू लागलं, तर काँग्रेसच्या अधिकाराला कुंपण उरणार नाही.

हॅमिल्टनचं उत्तर आठवड्यानं आलं, कितीतरी लांबलचक. त्यातला दीपगृहांचा दाखला मला सगळ्यांत भारी वाटतो. व्यापाराचं नियमन करण्याच्या अधिकारात काँग्रेसनं दीपगृहं आणि धक्के यांचा कायदा आधीच केला होता. त्यांच्यावाचून नियमन अडलं असतं का? नाही. तरी तो कायदा कुणाला घटनाबाह्य वाटला नव्हता. बोलीभाषेतही 'नेसेसरी' म्हणजे उपयोगी, कामाचं, असाच अर्थ असतो, असं त्याचं म्हणणं. २५ फेब्रुवारीला वॉशिंग्टननं सही केली.

मात्र जेफरसनची भीती पोकळ नव्हती, म्हणूनच ती मिटली नाही. १८११मध्ये सनदेचं नूतनीकरण सिनेटमध्ये १७-१७ असं अडकलं आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज क्लिंटनच्या मतानं बँक बुडाली. पुढच्याच वर्षी ब्रिटनशी युद्ध जुंपलं, पैशांची ओढाताण झाली आणि १८१६मध्ये दुसऱ्या बँकेच्या सनदेवर सही केली ती राष्ट्राध्यक्ष झालेल्या मॅडिसननंच!

मेरीलँडनं बाल्टिमोरच्या शाखेवर कर बसवला, तेव्हा हा शब्द सर्वोच्च न्यायालयात पोचला. १८१९च्या निकालात सरन्यायाधीश जॉन मार्शलनं घटनेतच दुसरीकडे बोट ठेवलं. राज्यांच्या आयात-निर्यात करांबद्दल तिथे 'अॅब्सोल्यूटली नेसेसरी', म्हणजे 'अगदी आवश्यक', असं लिहिलं आहे. नुसत्या 'आवश्यक'चा अर्थ तेवढाच कडक असता, तर 'अगदी' कशाला जोडलं असतं?

तरीही १८३२मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सननं नूतनीकरणाचं विधेयक नाकारलं. न्यायालयाचं मत आपल्यावर बंधनकारक नाही असं म्हणत, बँकेचा एकेक अधिकार घेऊन हा आवश्यक आहे का, उचित आहे का, असं त्यानं पुन्हा पहिल्यापासून विचारलं.