यात्रांच्या मधल्या काळात : वर्धा परिसरातील इतिहास

शिखरजी, पालीताणा, श्रवणबेळगोळ ही नावे ज्या घरात उच्चारली जात नाहीत असे जैन घर विदर्भात क्वचितच सापडेल. मुक्तागिरी, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, रामटेक, भद्रावती ही त्यामानाने जवळची क्षेत्रेही आपल्या परिचयाची आहेत. परंतु मोठी यात्रा दरवर्षी घडत नाही. चातुर्मासात तर प्रवास टाळण्याचीच आपली परंपरा आहे. अशा मधल्या काळात एखादी सकाळ मोकळी ठेवून आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहावा, याकडे समाजबांधवांचे लक्ष वेधण्याचा हा अल्प प्रयत्न.

प्रथम पवनार. वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर, धाम नदीच्या काठी हे गाव वसले आहे. वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासकांनी वेगळे मत मांडले असले, तरी पवनारचे प्राचीनत्व निर्विवाद आहे. नागपूर विद्यापीठाने येथे 1967 साली उत्खनन केले. गुप्त सम्राट द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही या प्रवरसेनाची माता. पाचव्या शतकातील या राजाच्या नावावर असलेले ‘सेतुबंध’ हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात आहे, ही गोष्ट जैन वाचकाने विशेष लक्षात ठेवावी.

विनोबाजी 1938 साली पवनारला आले. धाम नदीच्या पलीकडे म्हणून त्यांनी आश्रमास ‘परमधाम’ हे नाव दिले. आश्रमाच्या भूमीत खणताना प्राचीन शिल्पे निघाली. त्यांतील राम-भरत भेटीचे शिल्प आजही तेथे श्रद्धेने जपलेले आहे. 1959 साली येथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली.

जैन धर्माचे सार सांगणारा, सर्व आम्नायांना मान्य असा एक ग्रंथ असावा, असा विनोबाजींचा आग्रह होता. त्यांच्या प्रेरणेने जिनेंद्र वर्णीजींनी संकलन केले. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवानिमित्त नोव्हेंबर 1974 मध्ये दिल्ली येथे भरलेल्या संगीतीत विविध आम्नायांच्या मुनींनी व विद्वानांनी त्यावर विचार केला आणि 756 गाथांचे ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले. या गाथाही प्राकृतच. एका राजाचे काव्य आणि एका संताच्या आग्रहातून झालेले गाथासंकलन यांमध्ये दीड हजार वर्षांचे अंतर आहे; पण दोहोंची भाषा प्राकृत आणि दोहोंशी पवनारचे नाव जोडलेले! अन्न, पाणी व औषध यांचा त्याग करून विनोबाजींनी 15 नोव्हेंबर 1982 रोजी याच ठिकाणी देह ठेवला. तो दिवस महावीर निर्वाणाचा होता.

हिंगणघाटची कीर्ती कापसामुळे सर्वश्रुत आहे. परंतु भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे जनक कर्नल विल्यम लॅम्बटन यांची समाधी तेथे आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. 1802 साली मद्रासपासून आरंभलेले मोजणीचे काम पुढे नेत असतानाच जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले.

अशी स्थळे पाहताना एक गोष्ट मनात ठसते. वाकाटकांचा इतिहास कळला, कारण कोणी तो ताम्रपटावर कोरला आणि शतकांनंतर कोणी तो वाचला. असे लेख आपल्या मंदिरांतही आहेत. जुन्या धातुप्रतिमांच्या पाठीवर वा पीठावर संवत, तिथी, प्रतिष्ठाचार्यांचे व दात्याचे नाव कोरलेले असते. विक्रम संवतातून साधारणतः 57 वजा केले की इसवी सन मिळतो. नित्य प्रक्षालाने आणि घासण्याने ही अक्षरे हळूहळू पुसट होत जातात. आज वाचता येणारी ओळ पुढच्या पिढीला वाचता येईलच असे नाही.

म्हणून संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढा संकल्प व्हावा : पाठशाळेतील मुलांना एकदा पवनार दाखवावे आणि परत आल्यावर पूजाविधीची मर्यादा पाळून, जाणत्यांच्या देखरेखीखाली आपल्या मंदिरातील प्रतिमालेख त्यांच्याकडून वहीत उतरवून घ्यावेत. पुढच्या मोठ्या यात्रेची तारीख ठरेपर्यंत हे कार्य सहज पूर्ण होईल.