नर उपटले, तरी बी आले

जुना सातारा जिल्हा मोठा होता. 1949 साली त्यातून दक्षिण सातारा निघाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधीच्या, इंग्रजी अमलातल्या साताऱ्यात तंबाखूच्या जोडीला थोडा गांजाही पिकत असे. मुंबई इलाख्यात या पिकाचे मोठे ठिकाण नगर. सातारा त्याच्या मागे. 1893-94 साली मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने हिंदुस्थानभर फिरून गांजा-भांगेची चौकशी केली. हे व्यसन कितपत घातक, हा त्या आयोगापुढचा मुख्य प्रश्न होता. पण शेतीचा इतिहास पाहणाऱ्याला त्याच्या अहवालातला लागवडीचा भागच जास्त मोलाचा वाटतो. गांजाच्या शेतीचे सारे कसब एका गोष्टीत होते: नर झाड फुलण्याआधी ओळखून उपटायचे. मादीला पराग मिळाला नाही की ती बी धरत नाही, नवनवी फुले काढत राहते, आणि त्या फुलांवरच्या चिकट राळेलाच बाजारात भाव. बंगालमध्ये नौगावला या कामासाठी पोद्दार नावाचे जाणकार बोलावत. इकडे ते शेतकऱ्यालाच करावे लागे. या व्यवसायाने ज्याला दोष मानले ते उभयलिंगी झाड, म्हणजे नर-मादी दोन्ही फुले धरणारे, त्याच्या बियाण्याचा एक आधार होते, असे मला वाटते.

उभयलिंगी झाड फसवे असते. नराच्या फुलांचे घोस देठांवर सुटे लोंबतात, मादीच्या पेऱ्यात दोन पांढुरके केसर डोकावतात. एवढी खूण सरावलेल्या नजरेला पुरते. पण कणीस भरत आल्यावर त्याच केसरांच्या दाटीत एखाददुसरा पिवळा परागकोश फुटला, तर तो कोणाच्या लक्षात येणार? आणि आला तरी तोवर वाऱ्याने आपले काम केलेले असते. त्या कणसांत बी भरते, माल हलका ठरतो. शेतकऱ्याचा राग रास्तच होता. तरी प्रश्न उरतो. हे पीक दरसाल बियांपासूनच घ्यायचे. सगळे नर खरोखरच उपटले गेले असते, तर पुढल्या पेरणीला बी कुठून आले असते?

नजरेतून सुटलेल्या नरांमुळे, किंवा शेजारच्या रानातून उडून आलेल्या परागामुळे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. बरेचसे बी असेच आले असणार. पण नराच्या परागाचे बी आणि उभयलिंगी झाडाच्या परागाचे बी यांत फरक असतो. या वनस्पतीत मादीची गुणसूत्रे एक्स-एक्स आणि नराची एक्स-वाय. जन्माने मादी असलेल्या झाडाने पराग काढला तर त्यात वाय नसतोच, म्हणून त्यापासून होणारी प्रजा जवळजवळ सगळी मादी. असे बी पेरणाऱ्याला पुढल्या साली नर उपटण्याची मेहनत कमी. याची किंमतही आहे: उभयलिंगी होण्याची ओढ त्याच बियांतून खाली उतरते, आणि स्वपरागणाने पुढल्या पिढ्या दुबळ्या होत जातात. म्हणजे दोषाने गुण आणि गुणाने दोष, असा हा व्यवहार. शेतकऱ्याने हे जाणूनबुजून केले असा माझा दावा नाही. झाडणीत गळालेले बी जपून पुन्हा पेरले, की निवड आपोआप होत राहते. तिला हेतू लागत नाही.

विसाव्या शतकात ही गोष्ट हेतूने केली गेली. युरोपात तागासारख्या धाग्यासाठी हीच वनस्पती लावत, आणि तिथली अडचण वेगळी होती: नर आधी वाळत, मादी मागाहून, त्यामुळे एका कापणीत सारखा धागा मिळेना. जर्मनीत फॉन झेंगबुश यांनी एकाच झाडावर दोन्ही फुले धरणाऱ्या झाडांतून फिब्रिमोन हा वाण काढला. फ्रान्समधले फेलिना आणि फेडोरा त्याच्याच वंशातले. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठात एच. वाय. मोहन राम यांनी आर. सेट यांच्यासह 1982 साली दाखवले, की चांदीच्या क्षारांनी मादी झाडावर जननक्षम नरफुले आणता येतात. साताऱ्याच्या रानात जे नकोसे आपोआप होई, ते इथे प्रयोगशाळेत मुद्दाम घडवले.

धाग्याचे पीक वेगळे आणि नशेचे वेगळे, तेव्हा ही तुलना लागू नाही, असा आक्षेप येईल. मालापुरता तो मला मान्य आहे, बियाण्यापुरता नाही. शिवाय दाखल्यासाठी फार दूर जायला नको. रानटी द्राक्षवेलीत नर-मादी वेगवेगळे असतात. माणसाने लागवडीत आणली ती दोन्ही अंगे एकाच फुलात असलेली वेल. जुन्या साताऱ्यातल्याच तासगावच्या ज्या बागांतून तास-ए-गणेश हा द्राक्षाचा वाण निवडला गेला, त्यांच्यात परागासाठी वेगळी नर वेल राखावी लागत नाही. पपईवालाही लांबट फळासाठी उभयलिंगी झाडच ठेवतो. गांजाच्या बाबतीत मात्र 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने लागवडच बंद झाली. त्याच कायद्याच्या 14 व्या कलमान्वये धाग्यासाठी, बियांसाठी आणि बागकामासाठी सरकारला परवानगी देता येते. उत्तराखंडाने 2018 साली ती वाट चोखाळली, आणि तिथे वाण निवडताना एकाच झाडावर दोन्ही फुले धरणारी जात घ्यायची की नर-मादी वेगळी असलेली, हा प्रश्न पुन्हा शेतकऱ्यापुढे आला.