शिक्का, मोर्तब आणि ई-मेल

‘ध’चा ‘मा’ ही गोष्ट मी वर्गात वीस वर्षे सांगत आलो आहे. रघुनाथरावांच्या पत्रातले ‘धरावे’ आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले आणि 1773 च्या ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, असे लोक सांगतात. आख्यायिकेचा खरेखोटेपणा पंडितांवर सोपवू. पत्रावर विसंबणाऱ्याचा घात कसा होतो, हे मला कळले ते मात्र गेल्या दिवाळीच्या तोंडावर.

शाळेच्या पत्त्यावरून, माझ्या नावाने, माजी विद्यार्थ्यांना ई-मेल गेले : इमारतनिधीस पैसे पाठवा. मी तर एक अक्षरही लिहिले नव्हते! चहाची टपरी चालविणाऱ्या एकाने दोन हजार रुपये पाठविले. म्हणाला, “सर, तुमचं नाव पाहिलं, मग विचारायचं काय?” मी मान खाली घातली.

संगणकाच्या धंद्यातला दुसरा विद्यार्थी धावून आला. त्याने सांगितलेला इतिहास असा. ई-मेल पोहोचविण्याचे नियम अमेरिकेत जॉन पोस्टेल यांनी 1982 साली लिहिले. त्यांत पाठविणाऱ्याचे नाव पडताळण्याची सोयच नव्हती. तेव्हा मंडळी थोडी, बहुतेक विद्यापीठांतली. पुढे सारे जग आले, आणि जगाबरोबर तोतयेही आले.

मराठेशाहीत पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपे तेथे मोर्तब, म्हणजे खाली कोणी ओळ घुसडू नये. ई-मेलला अशी सोय फार उशिरा लाभली. एसपीएफचे नियम 2006 साली प्रसिद्ध झाले : आपले टपाल कोणत्या सर्व्हरांनी न्यावे, त्यांची यादी डोमेनच्या जाहीर नोंदीत लावायची. 2007 साली डीकेआयएम आले : पत्रावर गुप्त किल्लीने सही होते आणि तिची जोडकिल्ली नोंदीत उघडी असते, सही झालेल्या मजकुरात ‘ध’चा ‘मा’ झाला, की सही जुळत नाही. डीमार्कचे नियम 2015 साली आले : वाचकाला दिसणारा पत्ता या पुराव्यांशी जुळतो का, आणि न जुळल्यास पत्राचे काय करावे, हे ते सांगते. 2024 पासून गूगल आणि याहूने घाऊक टपाल पाठविणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची केली.

आम्ही तिन्ही नोंदी लावल्या. डीमार्कला प्रथम ‘नुसते पाहा’ असे सांगितले. बरे झाले! फीच्या पावत्या पाठविणारा सर्व्हर यादीत घालायचा राहिला होता. लगेच ‘परत लावा’ म्हटले असते, तर आमच्याच पावत्या बुडाल्या असत्या. ती चूक सुधारली आणि मगच दार लावले.

तरी एक फट उरलीच. पत्त्यातले एक अक्षर बदलून कोणी निराळेच डोमेन घेतले, तर आमची मोर्तब तेथे चालत नाही. तिथे वाचकाचे डोळेच हवेत.

टपरीवाल्याने मी देऊ केलेले दोन हजार घेतले नाहीत. यंदा माझे दिवाळीचे ई-मेल मिळताच त्याचा फोन आला : “सर, हे तुम्हीच ना?” वीस वर्षे इतिहास शिकविला, त्याचे चीज झाले असे वाटले.