एकशे दहा विरुद्ध चार

४ नोव्हेंबर २००० रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या शहरात रग्बी लीगच्या विश्वचषक स्पर्धेतील एक सामना झाला. ऑस्ट्रेलिया ११०, रशिया ४. रायन गर्डलर या एकट्या खेळाडूच्या नावावर ४६ गुण लागले. तेव्हापासून या खेळाचा आंतरराष्ट्रीय विस्तार करावा असे कोणी म्हटले की हा निकाल त्याच्यासमोर ठेवला जातो : ज्यांना खेळता येत नाही त्यांना बोलावता कशाला? प्रश्न वरवर पाहता रास्त आहे. ऐंशी मिनिटांच्या ज्या सामन्याचा फैसला दहाव्या मिनिटालाच होतो तो पाहायला कोणी तिकीट का काढावे, याला विस्ताराच्या पुरस्कर्त्यांकडे भाबड्या आशावादापलीकडे सहसा उत्तर नसते.

तरीही या आकड्याकडे आम्ही थोड्या वेगळ्या दृष्टीने पाहू इच्छितो. साहित्याचा अभ्यासक संहितेचा अर्थ लावताना ती कोणी, कोणत्या परिस्थितीत आणि कोणाच्या आश्रयाने सिद्ध केली हे विचारतो. निकालाच्या आकड्यालाही अशी पूर्वपीठिका असते, आणि रग्बी लीगच्या बाबतीत ती शंभर वर्षे मागे जाते.

हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर खेळली जाते ती पंधरा खेळाडूंची रग्बी, म्हणजे रग्बी युनियन. लीग तेरा जणांची. दोहोंची फारकत झाली ती मजुरीच्या प्रश्नावरून. उत्तर इंग्लंडमधील गिरणी आणि खाण कामगार शनिवारी खेळायला जात तेव्हा त्यांचा रोज बुडत असे. बुडालेल्या रोजाची भरपाई क्लबांनी द्यावी असा ठराव १८९३ साली लंडनच्या सभेत आला आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. सधन घरांतील हौशी खेळाडूंना त्यात खेळाचा अधःपात दिसत होता. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वीसहून अधिक क्लबांनी वेगळी चूल मांडली. यानंतर युनियनने जी शिक्षा ठरवली ती आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे : जो लीग खेळेल त्याला युनियनची दारे कायमची बंद. युनियनने स्वतः व्यावसायिकता स्वीकारली ती १९९५ साली. तोवर, म्हणजे शंभर वर्षे, हा बहिष्कार या ना त्या स्वरूपात टिकून होता. एखाद्या नव्या देशातील तरुणाने लीगचा चेंडू हातात घ्यायचा तर त्याला आपल्या खेळाच्या जातीबाहेर पडावे लागे. अशा स्थितीत खेळ पसरतो तो फार थोड्या ठिकाणी.

याचा परिणाम पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात दिसला. ५ एप्रिल १९०४ रोजी विगन येथे इंग्लंडचा संघ उतरला खरा, पण समोर उभे राहायला देशच नव्हता. मग लीग क्लबांतून खेळणारे वेल्श आणि स्कॉटिश खेळाडू एकत्र करून ‘इतर राष्ट्रीयत्वे’ नावाचा संघ उभा केला गेला, आणि त्याने इंग्लंडला ९-३ असे हरवले. प्रतिस्पर्धी नसेल तर तो घडवावा लागतो, ही गरज या खेळाच्या कुंडलीत पहिल्या दिवसापासून आहे. (डेव्हिड स्टोरी यांची १९६० मधील ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकत असताना ते स्वतः लीड्सच्या क्लबाकडून खेळण्यासाठी रेल्वेने उत्तरेत जात. त्या कादंबरीतील कोंदट गावाला लीगच्या भूगोलाचा हा आकस समजून घेतल्यावर अधिक अर्थ येतो.)

१९०७-०८ मध्ये आल्बर्ट बास्करव्हिल या न्यूझीलंडच्या टपाल खात्यातील तरुणाने आपला संघ घेऊन इंग्लंडचा दौरा केला. परतीच्या वाटेवर ब्रिस्बेन येथे न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. याच सुमारास सिडनीत लीग सुरू झाली आणि न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलंड या दोन राज्यांत तिने युनियनला मागे टाकले. पुढे पापुआ न्यू गिनीनेही हा खेळ मनापासून आपलासा केला, परंतु पैसा, प्रेक्षक आणि शाळा हे तिन्ही एकाच वेळी लीगच्या बाजूने उभे राहिले ते ऑस्ट्रेलियाच्या या दोन राज्यांत. ब्रिटनने ॲशेस मालिका शेवटची जिंकली १९७० साली. १९७५ ते २००० या काळातील प्रत्येक विश्वचषक ऑस्ट्रेलियाने जिंकला. म्हणजे एकतर्फीपणाची तक्रार लहान देशांपुरती कधीच नव्हती. जन्मदाते इंग्लंडही तिच्यातून सुटलेले नाही.

येथे थोडे नियमांविषयी सांगणे आवश्यक आहे. लीगमध्ये ज्याच्या हाती चेंडू आहे त्याला पकडून पाडले की पकड सुटते, तो उठतो, चेंडू पायाने मागे सारतो आणि त्याच्याच संघाचा डाव पुढे चालू राहतो. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अशा पकडींना मर्यादाच नव्हती. दुबळा संघही चेंडू कवटाळून बसू शकत असे. मग चार पकडींची आणि १९७२ पासून सहा पकडींची मर्यादा आली. खेळ वेगवान झाला, देखणाही झाला, पण दुबळ्याचा तो आडोसा गेला. त्यातच, गुण झाल्यावर पुन्हा सुरुवातीची लाथ मारायची ती ज्याच्यावर गुण चढले त्याने. म्हणजे ज्याने आत्ताच चार गुणांचा ट्राय केला, चेंडू पुन्हा त्याच्याच हाती जातो. थकलेला संघ चेंडूविना पळत राहतो आणि अधिकच थकतो. कबड्डीत लोण चढल्यावर हरणाऱ्या संघाचे सारे गडी पुन्हा मैदानात येतात. लीगच्या नियमांत अशी दया नाही. हलच्या मैदानावरील ११० गुणांतील निदान काही भाग तरी या यंत्रणेच्या खात्यावर मांडायला हवा. आणि रशियाच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तेथे लीग सुरू होऊन, तेही सोव्हिएत संघाच्या अखेरच्या दिवसांत, जेमतेम दहा वर्षे झाली होती.

फ्रान्सची कथा मात्र निराळी आहे, आणि आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म तिच्यात आहे. ३१ डिसेंबर १९३३ रोजी पॅरिसच्या पर्शिंग मैदानावर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांचा एक प्रदर्शनीय सामना ठेवला गेला. फ्रेंचांना हा खेळ दाखवावा एवढाच हेतू. ऑस्ट्रेलियाने तो ६३-१३ असा जिंकला. आजच्या मोजपट्टीने हा फसलेला प्रयोग. एकतर्फी सामन्याने नवा प्रेक्षक पळून जातो हे तर आता गृहीतच धरले जाते. पॅरिसमध्ये उलट घडले. लोकांना तो वेग आवडला. युनियनने व्यावसायिकतेच्या आरोपावरून दूर केलेल्या जाँ गालिया यांनी खेळाडू जमवले, आणि १९३४ मध्ये फ्रान्सची संघटना उभी राहिली. १९३९ मध्ये फ्रेंच संघाने इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर, सेंट हेलेन्स येथे, हरवले. पाच वर्षांत!

पुढे युद्ध आले आणि फ्रान्स पडला. व्हिशी राजवटीला हौशीपणाचे वेड होते आणि तिच्या क्रीडा खात्यात युनियनचे हितचिंतक होते. १९ डिसेंबर १९४१ च्या हुकुमाने तेरा जणांची रग्बी विसर्जित झाली, तिची मालमत्ता जप्त झाली. क्लबांना मैदाने गमवावी लागली. खेळाडूंना युनियनकडे परतणे किंवा घरी बसणे एवढेच उरले. युद्धानंतर बंदी उठली, परंतु ‘रग्बी’ हा शब्द परत मिळाला नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत या खेळाला फ्रान्समध्ये ‘तेरांचा खेळ’ एवढेच नाव अधिकृतपणे लावता येत असे. नाव हिरावून घेणे म्हणजे काय हे भाषेच्या अभ्यासकांना समजावून सांगायला नको. शाळेच्या दारात उभे राहून आपण कोणता खेळ शिकवतो हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडे पुढची पिढी कशी येणार?

तरीही १९५१ मध्ये फ्रेंच संघ ऑस्ट्रेलियात गेला आणि तिसरी, निर्णायक कसोटी सिडनीत ३५-१४ अशी जिंकून मालिका घेऊन आला. त्या दौऱ्यात प्यूग-ओबेर या ठेंगण्या, सिगारेटवर जीव असलेल्या फुलबॅकने दोनशेहून अधिक गुण केले. १९५४ मध्ये या खेळाचा पहिला विश्वचषक भरला तो फ्रान्समध्ये, पॉल बारिएर यांच्या आग्रहामुळे. युनियनचा विश्वचषक त्यानंतर तेहेतीस वर्षांनी आला. अंतिम सामन्यात ब्रिटनने फ्रान्सला १६-१२ असे हरवले. युद्धापूर्वी घडलेल्या आणि बंदीतून वाचलेल्या पिढीचे हे वैभव होते. ती पिढी सरली आणि मागे पोकळी उरली. १९९४ मध्ये बेझिए येथे ऑस्ट्रेलिया ७४, फ्रान्स ०. या आकड्यात व्हिशीचा वाटा किती हे कोणत्याही गुणफलकावर लिहिलेले नसते.

२००० च्या स्पर्धेत १६ संघ होते आणि ती आर्थिकदृष्ट्या तोट्यात गेली. पुढचा विश्वचषक थेट २००८ साली झाला, दहा संघांचा. मोठे निकाल टाळण्यासाठी त्यात एक युक्ती केली होती : ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इंग्लंड या तिघांना एकाच गटात ठेवले आणि त्या गटातून तीन संघ उपांत्य फेरीत घ्यायचे ठरवले. चौथा संघ होता पापुआ न्यू गिनी, जेथे लीग हा राष्ट्रीय खेळ मानला जातो. त्यांनी इंग्लंडला ३२-२२ पर्यंत झुंजवले आणि तिन्ही सामने हरून घरी गेले. मोठ्या आकड्यांची लाज झाकण्यासाठी ज्यांना खेळाची सर्वाधिक ओढ त्यांनाच बळी द्यावे, हे आम्हाला गुणफलकावरील शून्यापेक्षा अधिक अशोभनीय वाटते.

खरा पालट घडला तो वेगळ्याच वाटेने. टोंगा आणि सामोआ येथील कुटुंबे कामासाठी ऑकलंड आणि सिडनीत स्थायिक झाली. त्यांची मुले तेथील क्लबांत वाढली आणि दीर्घकाळ त्यांतील उत्तम खेळाडू न्यूझीलंडच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या जर्सीत दिसत. मोठ्या देशाकडून खेळलेल्यांना पूर्वजांच्या लहान देशाकडून खेळण्याची मुभा नियमांनी दिली, आणि २०१७ मध्ये जेसन टाउमालोलोने न्यूझीलंडऐवजी, तर अँड्र्यू फिफिटाने ऑस्ट्रेलियाऐवजी टोंगा निवडला. त्याच विश्वचषकात हॅमिल्टन येथे टोंगाने न्यूझीलंडला २८-२२ असे हरवले. २ नोव्हेंबर २०१९ रोजी ऑकलंडच्या ईडन पार्कवर त्यांनी ऑस्ट्रेलियालाही १६-१२ असे नमवले.

सामोआचा दाखला तर याहून बोलका आहे. साथीमुळे लांबलेली २०२१ ची स्पर्धा २०२२ मध्ये झाली. १५ ऑक्टोबरला न्यूकासल येथे इंग्लंडने सामोआचा ६०-६ असा धुव्वा उडवला. सामोआचे काही प्रमुख खेळाडू २ ऑक्टोबरला सिडनीतील क्लब स्पर्धेचा अंतिम सामना खेळून आले होते. संघ म्हणून एकत्र सराव जवळजवळ झालाच नव्हता. १२ नोव्हेंबरला लंडनमध्ये हेच दोन संघ उपांत्य सामन्यात भेटले. जादा वेळेत स्टीफन क्रायटनच्या एका गुणाच्या लाथेने सामोआ २७-२६ असा जिंकला. मध्ये अठ्ठावीस दिवस. पहिल्या सामन्यानंतर ज्यांनी सामोआला नालायक ठरवले होते त्यांच्या लेखणीला ५४ गुणांचा फरक एवढ्यात कुठे गेला हे सांगता आले नाही.

अर्थात यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. स्थलांतरितांच्या मुलांनी उभा केलेला संघ म्हणजे त्या देशातील खेळ नव्हे. त्याच स्पर्धेत इंग्लंडने शेफील्ड येथे ग्रीसला ९४-४ असे हरवले. ग्रीसच्या संघातही ऑस्ट्रेलियात वाढलेले खेळाडू होते. पण बाकीचे असे होते की ज्यांना त्यांच्या देशात हा खेळ काही काळ अधिकाऱ्यांचा डोळा चुकवून, मान्यतेविना खेळावा लागला होता. त्यांना सरकारी मान्यता मिळाली ती विश्वचषकाच्या तोंडावर, २०२२ मध्ये. हल, बेझिए आणि शेफील्ड यांचे आकडे दिसायला सारखे, पण एकाच्या मागे नवखेपणा, दुसऱ्याच्या मागे जप्ती, तिसऱ्याच्या मागे लपूनछपून घेतलेला सराव. उपाय एकच कसा असेल? सामोआला हवे होते चार आठवडे आणि एक नियम. ग्रीसला हवीत मैदाने आणि वीस वर्षे.

क्रिकेटच्या वाचकाला ही चर्चा ओळखीची वाटेल. २००७ च्या विश्वचषकात १६ संघ होते. भारताने बर्म्युडाला २५७ धावांनी हरवले आणि बांगलादेश व श्रीलंकेकडून हरून घर गाठले. २०१९ मध्ये संघ उरले दहा. रग्बी लीगनेही तीच वाट धरली. २०२५ चा विश्वचषक फ्रान्समध्ये व्हायचा होता. २०२३ मध्ये फ्रान्सने पैशांअभावी यजमानपद सोडले, स्पर्धा २०२६ वर आणि दक्षिण गोलार्धात गेली, आणि संघ १६ वरून १० ठरले. ग्रीस, जमैका, इटली, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स वगळले गेले. त्यांतील वेल्सने १ जानेवारी १९०८ रोजी ॲबरडेअर येथे बास्करव्हिलच्या न्यूझीलंड संघाला ९-८ असे हरवले होते.